खोळ घातलेली झाडं

९ मार्च

मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, कुंडीत लाव म्हणून. पाऊस आला की उचलून आत घेता येते. पण मला विचारतं कोण? सूनबाईंनी झाडं जमिनीत लावली. आता ती माझ्या डोक्याच्या वर गेलीत, कापणी तोंडावर आलीय, आणि फोन म्हणतोय आठवडाभर पाऊस. आता उचला!

झाडं म्हणजे गांजाची. लिहिताना अजून हात अडखळतो. इथे कॅनबेरात चालतं — मोठ्या माणसाने दोन झाडं लावायची, राहत्या घराच्या अंगणात, आणि पोरांच्या हाताला लागू द्यायची नाहीत. म्हणून कुंपण, कुंपणाला कुलूप. ही दोन ह्यांच्या नावाची. जन्मात सुपारीचं खांड तोंडात घातलं नाही ह्यांनी. आमच्याकडे गांजा म्हणजे देवळामागे पडलेले गोसावी. आणि इथे नर्स असलेली सून कौमुदी सांगते, "बाबांना झोप लागते ना आई, मग बास झालं."

तेही खरंच. नागीण उठून गेली, पण ठणका मागे ठेवून गेली. बरगडीला नुसता सदरा घासला तरी ओरडतात. डॉक्टरच्या गोळीने घेरी येऊन बाथरूममध्ये पडले. डॉक्टरने गांजाच्याच तेलाची बाटली दिली तर उलट्या. मागच्या वर्षीचा गांजा कौमुदीने तुपात कढवून ठेवला होता, तेवढाच लागू पडला. चमच्याच्या टोकावर घेतात आणि झोपतात. बरणी आता तळाला आली आहे.

१० मार्च

पाऊस. बारीक, चिवट. कॅनबेराच्या ह्या टोकाला, गुंगालिनमध्ये, पाऊससुद्धा ऑफिसला आल्यासारखा पडतो. गडगडाट नाही, काही नाही.

११ मार्च

कौमुदी शिफ्टला. मुलगा यतिन ऑफिसात. यतिन झाडांकडे बघतही नाही. सरकारी कॉन्ट्रॅक्ट आहे ना. "आई, मला त्यातलं काही सांगू नकोस. मला काहीच माहीत नाही." बरं बाबा. बाप कण्हतो ते तरी ऐकू येतं का?

कणसं पाण्याने जड होऊन वाकली होती. इथले लोक त्याला बड म्हणतात, मी कणीसच म्हणते. बघवेना. गराजमध्ये बासमतीची रिकामी पोती होती, प्लास्टिकची. एक कोपरा दुसऱ्यात खुपसला आणि खोळ केली. मुळशीला भाताच्या लावणीत आम्ही बायका असल्याच खोळी डोक्यावर घेऊन दिवसभर चिखलात वाकायचो. दोन पोती एकाखाली एक शिवून दोन्ही झाडांना घातली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून परकराच्या नाडीने बांधली. लांबून दोन बायका उभ्या आहेत असं दिसतं.

हे खिडकीतून बघत होते. म्हणाले, "यातली माझी कुठली?"

मी म्हटलं, "जी बोलत नाही ती."

१२ मार्च

पाऊस. खोळी जागेवर आहेत. कौमुदीची डबल शिफ्ट, येते आणि झोपते. तिला कशाला उठवू.

१४ मार्च

पाऊस थांबला. खोळी काढल्या. आतून घामेजल्या होत्या, पाणी ओघळत होतं. कणसं वरून हिरवीगार. एका कणसातलं एकच पान पिवळं दिसलं, ओढलं तर अलगद हातात आलं. मनाला बरं वाटलं नाही.

कौमुदी उठली, चहाचा कप घेऊनच कुंपणात आली. तेच कणीस तिने बोटांनी फोडलं. आत राखाडी लव, मधला देठ कुजून मऊ झालेला. जरा हलवलं तर चुलीतल्या राखेसारखी धूळ उडाली. तिने तोंड फिरवलं.

"आई, ही पोती किती दिवस होती?"

"पाऊस होता तोवर."

"आत हवाच गेली नाही. वाफेने कुजलं."

"मग काय भिजू द्यायचं होतं?"

"हो. भिजू द्यायचं, मग झटकायचं. वारा सुकवतो."

ओरडली नाही. ओरडली असती तर मला उलटं बोलता आलं असतं.

१५ मार्च

दिवस कापण्यात गेला. कंबर म्हणजे नुसता दगड. कौमुदीने मास्क लावला, हातमोजे घातले, मलाही घालायला लावले. नासकं दिसलं की त्याच्या खाली हातभर सोडून फांदी कापायची, मग कात्री स्पिरिटमध्ये बुडवायची, मग पुढची. बाळंतिणीच्या खोलीत एवढं सोवळं नसतं. नासकं ते सगळं काळ्या पिशवीत.

अनन्या कुंपणाबाहेर उभी. म्हटलं, आजीला पाणी आणून दे गं आत. "आजी, आय कान्ट कम इन. इट्स लिटरली द लॉ." नातीला आत यायची बंदी! मी म्हटलं, एवढा कायदा पाळतेस तर सकाळी उठायचाही पाळ.

राहिलं ते शेडमध्ये दोरीला उलटं टांगलं, लांब पंखा लावून ठेवला. मुंजीत उरलेल्या पाहुण्यांसारखं दिसतंय, इथे एक, तिथे एक. ह्यांना पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं आहे. एवढं दिवाळीपर्यंतही पुरायचं नाही. बाहेरून विकत घ्यायला बंदी.

पिशवीला गाठ मारताना कौमुदी म्हणाली, "हे सगळं कचऱ्यात. आई, बाबांच्या सांध्यांच्या गोळ्यांनी त्यांच्या अंगाची लढायची ताकद कमी होते. नागीणही त्यातूनच उठली. ही बुरशी त्यांच्या जवळपासही न्यायची नाही. ऐकलंत ना?"

ऐकलं.

१७ मार्च

बरणी खरवडून दिली. ह्यांना झोप नाही. भिंतीकडे तोंड करून पडतात, म्हणजे मला दिसू नये.

"संपलं का गं तूप?"

"संपत आलंय."

"मीपण."

"नाटकं बास. चहा घ्या."

घेतला नाही.

१८ मार्च

काळी पिशवी गराजच्या मागेच पडलेली. कचऱ्याची गाडी अजून यायची होती. गाठ सोडली. सगळं काही वाईट नव्हतं. अर्धं हिरवं, अर्धं राखाडी, असं बरंच होतं. लोणच्यावर बुरशी आली तर बरणी कोण फेकतं? वरचा थर काढायचा, खालचं खायचं. सासूबाईंनी मला तेच शिकवलं. घरात तीस माणसं जेवायची, कोणी मेलं नाही.

घरात आम्ही दोघंच होतो. बाहेर गार वारा म्हणून ह्यांच्या खोलीत हीटर लावला, खिडकी लावून घेतली. कॅटलॉगचे कागद पलंगावर पसरले आणि मी निवडायला बसले, मेथी निवडतात तसं. राखाडी काढायचं, हिरवं परातीत. हे उठून बसले. "दे इकडे, तुला दिसत नाही." चष्मा वर करून, कणीस नाकाशी धरून एकेक कण वेचत होते. गावातल्या लोकांची उणीदुणी निघाली. त्यांचा तो मावसभाऊ, लग्नात जिलब्या खिशात भरणारा, त्यावरून किती हसले. बरगडी धरून हसले. धूळ फार उडत होती, दोघंही शिंकत होतो. मास्क नाही लावला. नवऱ्यापुढे कसला मास्क.

तुपात मंद आचेवर कढवलं. कढईत कसली राहतेय बुरशी! गाळलं, बरणी भरली. खिडक्या उघडल्या, वर कांदा परतून ठेवला, वास झाकायला. ह्यांना बजावलं — तोंडातून शब्द काढायचा नाही.

"मी काय बोलतो का कधी," म्हणाले.

१९ मार्च

झोपले. घोरले. मी जागी राहून ऐकलं.

२१ मार्च

कौमुदीने फडताळ उघडलं. बरणी हातात घेऊन उभी राहिली.

"ही भरली कशी?"

"शेडमधलं वाळलेलं घेतलं थोडं."

"एवढ्यात वाळलं?"

"पंखा आहे की."

तिने बरणीचा वास घेतला, ठेवली, मोबाइल वाजला, गेली. मी बरणी मागच्या रांगेत सरकवली. पण ठणका नाही ह्यांना, चार घास जेवतात, हे तिलाही दिसतंय.

२५ मार्च

ह्यांना खोकला. कोरडा. आल्याचा काढा दिला.

२७ मार्च

ताप. कौमुदीने सकाळी यंत्राने छाती ऐकली, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, आणि तिथूनच फोन लावला. अँब्युलन्स आली. ह्यांना उचलताना बरगडीला हात लागला तरी ओरडले नाहीत. ते मला आवडलं नाही.

२८ मार्च

हॉस्पिटलात तोंडाला मास्क लावलाय. माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मी म्हटलं, आता तुम्हीच लावा मास्क.

डॉक्टर तरुण मुलगी, हळू बोलते. यतिनने मला मराठीत सांगितलं — छातीत बुरशी शिरली आहे, फुफ्फुसात. निरोगी माणसाला काही होत नाही, ह्यांच्यासारख्याला होतं. औषध चालू केलंय, दोन-चार दिवसांत समजेल. तिने विचारलं, घरात काही नासकं, बुरशी आलेलं ह्यांच्या जवळ हाताळलं होतं का? यतिन म्हणाला, "आय डोन्ट नो." त्याला खरंच काही माहीत नाही. सांगू नकोस म्हणत होता, तसंच झालं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्सची चेन लावली, उघडली, लावली. सत्तरी उलटली, बोलायला कधी कमी पडले नाही मी. आज पडले.

२९ मार्च

कौमुदीने दोष स्वतःवर घेतला; ह्यांच्या पलंगाखालची राखाडी धूळ आणि भरलेली बरणी बघून तिला सगळं कळलं असणार. खराब झालेलं मीच बाबांच्या खोलीत साफ केलं, म्हणाली. डॉक्टरला, इंग्रजीत, माझ्याकडे न बघता. एवढं इंग्रजी मला कळतं. गाडीत म्हणाली, "राहू द्या आई. बाबा ह्यातून उठले, तर तुम्हाला कोणी दोष दिलेला त्यांना चालणार नाही." नर्स आहे ती. नर्सने असं केलं म्हटल्यावर तिच्या नोकरीचं काय होईल ते मला कळायला शाळा लागत नाही.

घरी आल्यावर दोघांना समोर बसवलं. बरणी टेबलावर ठेवली. सांगितलं सगळं — पिशवी, परात, बंद खिडकी. यतिन रडला, कौमुदी नाही.

उद्या हॉस्पिटलची बाई हे कसं झालं ते लिहून घ्यायला येणार आहे. तिला उत्तर मी देणार. कौमुदीने खोलीबाहेर थांबायचं. यतिनने माझ्या शेजारी उभं राहायचं आणि मी बोलेन ते तसंच्या तसं इंग्रजीत सांगायचं. एक शब्द गाळायचा नाही.