अर्जुनाचा सोहळा दसऱ्यालाच

१८ ऑगस्ट २०२५, सांगली
आजपासून संशोधन सुरू. पतसंस्थेतून रिटायर झाल्यावर डोक्याला खुराक हवाच होता. विषय: पणजोबा अर्जुना. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला गेले, ते गेलेच. मागे बायको रंगूबाई आणि तान्हं पोर, म्हणजे माझे आजोबा. गावच्या चावडीवर संगमरवरी पाटी आहे, पण तिच्यावर किती गडी गेले आणि किती कामी आले एवढंच कोरलंय, नावं नाहीत. तरी मला खात्री आहे. तोफेसमोर छाती काढून उभे राहिले असणार. आमच्या घराण्यात पाठ दाखवणं नाही.

संध्याकाळी मिरजेला दवाखान्यात बाबांना सांगितलं. बाबा सत्त्याऐंशीचे. म्हणाले, पलटण सापडून मला कोण भेटणार हाय का? मी एकला जन्मलो, एकला चाललो. भाव न्हाई, भन न्हाई. बाबा भावनाप्रधान आहेत. इतिहासाची दृष्टी मुळात नाही.

२१ ऑगस्ट
साताऱ्याची माजी सैनिकांची कचेरी. साहेब सज्जन. पलटणीतला नंबर मागितला. मी म्हणालो, नाव पुरे आहे. ते म्हणाले, अर्जुना तर गावोगाव होते. चहा मात्र दिला. एकूण काम पुढे सरकलं.

२५ ऑगस्ट
पेंटरला तैलचित्र सांगितलं. दसऱ्याला त्याचं अनावरण आणि माझ्या पुस्तकाचं प्रकाशन, असा सोहळा घेणार. फोटो नसल्याने माझाच दिला. मिशी वाढव म्हटलं. राजेश्वरी (सौ.) म्हणाली, त्यापेक्षा आज मिरजेला जाऊन मामंजींजवळ बसा. पण पेंटर काय रोज मोकळा असतो?

३० ऑगस्ट
‘रणवीर अर्जुना’ हा माझा लेख व्हॉट्सॲपवर सोडला. शेवटचा परिच्छेद वाचताना माझेच डोळे भरून आले. मिरजेला जायचं राहिलं.

३ सप्टेंबर
माण तालुक्यातून फोन. कुणी दिग्विजय. म्हणतो, तुमचा अर्जुना आमचाबी खापरपणजा हाय, त्यो लढाईत मेला न्हाई, हितं आमच्यात म्हातारा हून मेला. काय एकेक लोक असतात! शनिवारी जाऊन खोटं पाडणार.

६ सप्टेंबर, रात्री
जाऊन आलो.

दिग्विजयची आजी सुलाबाई, पंचाहत्तरीची, अर्जुनाच्या धाकट्या मुलाची लेक. तिच्या आज्याने तिला सांगितलेलं ते असं. युद्ध संपलं तरी याचा पत्ता नाही, म्हणून घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून जाळला, दिवस घातले. त्यानंतर हा माणूस परत आला. शिवेवरच चार शहाणे आडवे आले. दिवस घातलेला माणूस घरात घेत नाहीत, घराचं वाटोळं होतं. त्याने रंगूबाईला नुसतं लांबून बघू द्या म्हटलं. तेही नाही. मग मेंढरांमागे चालत चालत माणात गेला. तिथे दुसरा संसार झाला. पहिली मुलगी झाली तिचं नाव त्याने रंगू ठेवलं.

म्हणजे अडवणारे आमचेच. हे पुस्तकात घेता येणार नाही.

मी पुराव्याचं विचारलं. सुलाबाई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, तुजं कपाळ आज्याचंच हाय रं. पुढे विचारलं, नाथाजी, म्हंजी तुजा बा, माजा चुलतभाऊ लागतो न्हवं? जित्ता हाय? मी हो म्हणताच चुलीवरचं कालवण उतरवलं आणि लुगडं बदलायला उठली. मी आताच येते तुज्या गाडीतनं, म्हणाली. मी समजावलं की उद्यापासून पितृपंधरवडा लागतोय. बहीणभावाची पहिली भेट अशा दिवसांत बरी नव्हे. ती म्हणाली, आरं, भावाला भेटायला कसला मुहूर्त? अडाणी माणसाला शास्त्र काय सांगणार. कशीबशी खाली बसवली.

भेटीचा सोहळाही दसऱ्यालाच करायचा.

७ सप्टेंबर
राजेश्वरीने सगळं बाबांना सांगून टाकलं. मी सोहळ्यात जाहीर करणार होतो! बाबा खूप रडले म्हणे. मग नर्सला सांगत होते, मला भन हाय, माणात.

१५ सप्टेंबर
चांगली बातमी. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, त्यांना काय खायचं-प्यायचं ते देत चला. पथ्य सुटलं म्हणजे उतार पडलाच. राजेश्वरी जिन्यात तोंडाला पदर लावून उभी होती. बायकांना आनंदही रडून करावा लागतो.

घरी आल्याआल्या बाबांनी विचारलं, आली का?

२२ सप्टेंबर
पंधरवडा संपला. घट बसले. राजेश्वरी म्हणाली, आता तरी आत्याबाईंना आणा, दोन तासांची तर वाट आहे. पण प्रमुख पाहुणे दसऱ्याच्या संध्याकाळीच मोकळे आहेत, आणि स्टेजवर गळाभेट झाली तरच फोटोला अर्थ. आधी भेटून गेले तर स्टेजवर काय करणार दोघं? सुलाबाईलाही फोनवर हेच सांगितलं.  ती म्हणाली, तुमी शिकलेली माणसं.

२६ सप्टेंबर
बाबा तीन घासांवर आले. नवरात्रात उपवास बरा. पोटाला विश्रांती.

दाराशी गाडी थांबली की मान वळवतात. आज दूधवाल्यालाही विचारलं, माजी भन आली का? भाषणाचा शेवट जमत नाहीये.

२८ सप्टेंबर
बाबांनी माझा हात धरला. सोडेनात. म्हणाले, बाळासो, सोहळा नगं. नुसती तिला आन. मी म्हटलं, बाबा, चारच दिवस. त्यांनी हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. थोडे रुसलेत. दसऱ्याला हसतील.

२९ सप्टेंबर
बाबा पहाटे गेले.

मी माणला कळवलं नव्हतं. कळवायला धीर झाला नाही. दहाच्या सुमाराला लोक जमले असताना फाटकाशी रिक्षा थांबली. सुलाबाई. एकटीच. दहिवडीहून एसटी बदलत बदलत आली होती. वाट बघून कंटाळले म्हणाली, म्हटलं आपणच जावं. हातात तुपातल्या लाडवांचा डबा. एवढी माणसं बघून हसली आणि मला म्हणाली, आरं, सोहळा आजच हाय व्हय?

मी तिच्या हातातला डबा घेतला. 

राजेश्वरीने तिला आत नेलं. ती बाबांच्या उशाशी बसली, कपाळावरून हात फिरवत राहिली. काई बोलत हुता का माज्याबद्दल, तिने विचारलं. राजेश्वरी म्हणाली, रोज विचारायचे, आली का. मी दारात उभा होतो. 

न्यायच्या वेळी ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता बोलेल. सगळ्यांसमोर तिने मला बोल लावावा, असं फार वाटलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, रडू नगं लेकरा. तू तरी काय करनार, मुहूर्तच न्हवता.

टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं.