अंगी लागत नाही

दादा,

आईला घेऊन पुन्हा दवाखान्यात जातेय. दुर्बिणीच्या तपासणीत काहीच निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "लहान आतड्याचं मखमली अस्तर शाबूत आहे. अन्नातलं सत्त्व नीट शोषलं जाऊन रक्तात उतरतंय." मग पोटभर जेवूनही ही वाळतेय कशी, असं विचारलं तर त्यांनी पुन्हा तपासायला बोलावलं.

आईच हळूच म्हणाली, "अगं, माझं खाल्लेलं शेजारी झोपते तिच्या अंगी लागतं."

बाबा गेल्यापासून आई एकटीच झोपते. तरी गादीची ती बाजू खोल दबलीय. आज हात लावला, तर उबदार होती.

तुझं जेवण झाकून ठेवलंय. आईच्या पलंगावर मात्र आडवा होऊ नकोस. काल मी तिथे झोपले, आणि सकाळी माझी घट्ट अंगठी बोटातून आपोआप गळून पडली.

— धाकटी