भस्म्याच्या जेवणाचा वार

बुधवार, ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. सध्या चिरंजीवांच्या घरी, आठव्या मजल्यावर, खिडकीशी टाकलेल्या पलंगावर माझा मुक्काम आहे. सूनबाई दर तासाला विचारते, आई, काही हवं का. मला माझं घर हवंय, पण ते तिला कसं सांगू? कान गेल्यापासून फोनवर नुसती खरखर ऐकू येते, म्हणून हे पत्र. तूही लिहिशील ते मोठ्या अक्षरात लिही.

माझ्या घरी राहायला गेलास, फार बरं केलंस. पण भस्म्या म्हणजे तुझ्या बेकरीच्या दारात बसणारं कुत्रं नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतल्या काळसर पाण्याच्या नदीतला शिकारी कॅटफिश आहे. वीतभर लांब, आणि त्यात निम्मं तोंडच. त्याला दर शुक्रवारी एक सोललेली कोळंबी द्यायची. एकच. बाकीचे दिवस तो पाइपच्या तुकड्यात पडून असतो. ती उपासमार नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. टाकीत जिवंत काही सोडायचं नाही. का, ते वहीत लिहिलंय. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, तशा टाकीवरही चिकटवल्या आहेत. वाच.

चाळीस वर्षं पाव भाजलेल्या माणसाला समोरचा उपाशी बघवत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी हात आवर.

लोभ करायचा तो माझ्यावर कर, भस्म्यावर नको.
तुझी,
ताई


सोमवार, ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर मोठं काढतो आहे, शाळेतल्यासारखं वाटतंय.

शुक्रवारी कोळंबी दिली. त्याने तोंड उघडलं आणि कोळंबी दिसेनाशी झाली. मग बराच वेळ तो काचेशी येऊन माझ्याकडे बघत राहिला. तोंडाकडे बघून भूक ओळखण्यात माझा जन्म गेला. ती भूकच होती. पण तुझी शपथ, दुसरी कोळंबी दिली नाही.

भाच्याचा फोन आला होता. येत्या रविवारी माशांच्या दुकानातला माणूस भस्म्याला न्यायला येणार आहे आणि महिनाअखेर तुझं घर रिकामं करायचं आहे. हे तुझ्याशी बोलूनच ठरलं असेल. तो म्हणाला की आई एकटी असताना पडली तर कुणाला कळणार, तो मासा काय हाका मारणार आहे? मी हो म्हणालो. तुला माहीतच आहे, नाही म्हणायचं ठरवलं तरी माझ्या तोंडून होच निघतं. आणि खरं सांगू, त्याचं म्हणणं मला पटलंही. तू तिकडे सुखात राहशील.

जाईपर्यंत तरी बिचाऱ्याला सोबत असावी म्हणून आज माझा गोल्डफिश त्याच्या टाकीत सोडला. माझं घर बंद, म्हणून बरणीतून त्याला बरोबरच आणलं होतं. आठ वर्षांचा आहे, लांबीला भस्म्याच्या बरोबरीचा, तेव्हा गिळला जाण्याचं भय नाही. दोघांचं छान जमेल.

आता हे पत्र पेटीत टाकून येतो.
माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
धाकटा


गुरुवार, १२ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद नंतर. आधी तो गोल्डफिश बाहेर काढ. भस्म्या स्वतःएवढा मासा गिळतो. म्हणून तर त्याचं नाव भस्म्या. मग त्याचं पोट फुगतं, पाणी नासतं आणि तो स्वतःच मरायला टेकतो. वहीचं तिसरं पान. तू वही उघडलीच नाहीस, हो ना?

माझ्याशी बोलून काहीही ठरलेलं नाही. माझं घर रिकामं होणार हे मला तुझ्या पत्रातून कळलं. पत्र वाचलं आणि चिरंजीवांना हाक मारली. ते म्हणाले, आई, तुझी तब्येत सुधारल्यावर सांगणार होतो. म्हणजे मी चालायला लागेपर्यंत जायला जागाच उरायला नको.

त्या माशात काय ठेवलंय, असं पोरगा मला विचारतो. तूही मनातून तेच विचारत असशील. तर ऐक. आयुष्यभर मी सगळ्यांची तोंडं सांभाळली. हेडमास्तरांचं, तुझ्या मेव्हण्यांचं, पोराचं, तुझंही. कोण रुसलं, कोण उपाशी राहिलं, कुणाला काय आवडतं. भस्म्याला कुणाला आवडायचं नसतं. दिसायला तो कुरूपच आहे, नाचत नाही, शेपूट हलवत नाही, पाहुण्यांना बघून पाइपात जातो. आणि त्याची त्याला लाज नाही. रोज सकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसते तेव्हा मला फार बरं वाटतं. असंही जगता येतं, एवढं मला या वयात त्याने दाखवलं. तो जाणार नाही, आणि मीही माझं घर सोडणार नाही. रविवारी दार उघडायचं नाही.

लोभाचं काय ते तुझं उत्तर आल्यावर बघू.
ताई


सोमवार, १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. सा. न. ने आज भागणार नाही.

तुझं पत्र शनिवारी मिळालं, तोवर सगळं घडून गेलं होतं. मागचं पत्र पेटीत टाकून परत आलो, तर टाकीत एकच मासा होता. भस्म्या तळाशी कलंडलेला, पोट पिठाच्या गोळ्यासारखं तट्ट फुगलेलं, आणि त्याच्या तोंडातून माझ्या गोल्डफिशची शेपटी बाहेर. ती अजून हलत होती. मी खाली बसलो आणि रडलो. कुणासाठी रडतो आहे ते मला कळेना.

मग तुझी वही उघडली. तुला कळवायची हिंमत मात्र झाली नाही. वहीतल्याप्रमाणे रोज तिसरा हिस्सा पाणी बदललं, पिंपात साठवलेलंच घेतलं, नळाचं नाही. पिठात घालायच्या पाण्यासारखं कोपर बुडवून ते किती कोमट आहे ते बघत होतो. खालच्या मजल्यावरचा शिंपी दुकान टाकून बादल्या वर आणून देत होता. बुधवारी पाणी दुधासारखं झालं आणि भस्म्या वर येऊन तोंड वासू लागला, तेव्हा मी आशा सोडली होती. शुक्रवारी सकाळी त्याने उरलंसुरलं बाहेर टाकलं. ते मी माझ्या हातांनी जाळीने उचललं, ताई. आठ वर्षं ज्याला खाऊ घातलं, तो तेवढाच उरला होता. दुपारी भस्म्या पोहत पाइपात गेला.

काल दुकानवाला आला. मी दार उघडलं, कारण दाराआड लपून बसायचं हे माझं वय नव्हे. त्याला सांगितलं, मासा द्यायचा नाही. तो म्हणाला, तुमच्या भाच्याने सांगितलंय. मी पुन्हा नाही म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणताना सोपं गेलं. मग भाच्यालाही फोन करून तेच सांगितलं. तो चिडला, आणि आई पडली तर कोण बघणार हे त्याने पुन्हा विचारलं. त्याचं उत्तर मात्र तुलाच शोधावं लागेल. त्याची काळजी खोटी नाही.

चूक पोटात घाल.
तुझा,
धाकटा


गुरुवार, १९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
या वेळी भरभरून आशीर्वाद.

गोल्डफिशचं वाचून मलाही रडू आलं. तुझ्यावर रागावले होते, आहे, आणि भेटल्यावर पुन्हा रागावणार आहे. पण तू नाही म्हणालास, तेही दोनदा, हे वाचून मी पलंगावर एकटीच हसत बसले होते. सूनबाई घाबरून बघायला आली.

काल चिरंजीवांना समोर बसवलं आणि माझा बेत सांगितला. रोज सकाळी मी काठी तीनदा जमिनीवर आपटेन, शिंपी खालून गजाने छताला तीनदा ठोकेल. मला ऐकू येणार नाही, पण पायाला कळेल. काठी वाजली नाही तर तो वर येईल, किल्ली त्याच्यापाशी राहील. आणि दर शुक्रवारी, भस्म्याला जेवायला घातलं की, पोराला एक कार्ड. त्याने तोंड फिरवलं. पटलेलं नाही. न पटो. येत्या गुरुवारी मला घरी सोडायला गाडी तोच चालवणार आहे, गप्प बसून.

तोवर भस्म्याला काहीही देऊ नकोस. पहिला घास माझ्या हातचा.

लोभ होता, आहे, आणि तुझी चूक पोटात घालूनही उरला आहे.
ताई


शुक्रवार, २७ फेब्रुवारी (कार्ड)

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काठी वाजवली, शिंप्याने ठोकलं. भस्म्याला पाइपाबाहेर यायला अकरा मिनिटं लागली. मी टेकू न घेता उभी होते. एक कोळंबी दिली, त्याने खाल्ली. मग मी जेवले. पडले नाही.

ज्या शुक्रवारचं कार्ड येणार नाही, तेव्हा धावत ये. येत राहिलं तर सावकाश ये, पण ये.
आई