दादाचा भोंगा आणि माझी चेष्टा

स्नेहलतागंज, इंदूर
८ डिसेंबर १९९६

तीर्थरूप वाल्मिकदादास,

धाकट्या पंचशीलाचा सप्रेम जयभीम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचं बिनमिठाचं पथ्य टिकलं का, की चटणीपाशी मोडलं? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. मिल तेवढी बंद ती बंदच.

तुझं कार्ड पोचलं. अख्ख्या कार्डावर दोनच शब्द : ‘चेष्टा पुरे.’ (खाली सहीही नाही, अक्षरावरून ओळखलं.) दादा, चूक माझी. मी तुला कळवलं होतं, ‘एकटीच नाटक करते आहे, आपल्या चाळीतल्या लहानपणावर. माझी पहिलीच चेष्टा आहे आणि तिच्यात मुख्य तूच आहेस.’ अरे, इथे चेष्टा म्हणजे प्रयत्न! जन्मभर हिंदीच्या शेजारी राहून आपली मराठी अशीच झाली आहे. तूही इथे होतास तेव्हा हेच बोलायचास. मिल बंद पडल्यावर नागपूरला गेलास आणि पाच वर्षांत शुद्ध मराठीत रुसायला लागलास.

आता प्रयोगाचं ऐक. इथल्या लालबागच्या मेळ्यात मंडप मिळाला. आई, बाबा, शेजारच्या सखुबाई, नळावरची भांडणं, सगळं मी एकटीच. (भांडणाच्या दोन्ही बाजू आपल्याच असल्या की हरायची भीती नसते.) अडलं ते भोंग्यापाशी. मिलच्या भोंग्यावर आपल्याकडे चूल पेटायची, शाळेची तयारी व्हायची. तो नसेल तर लहानपण सुरू कुठून करायचं? शेवटी आपल्या नंदू फिटरनं इंजिनाची शिट्टी टेप करून आणली, संथ करून वाजवली, आणि हुबेहूब भोंगा झाला.

जरा जास्तच हुबेहूब. पहिल्या रांगेत मिलमधली जुनी मंडळी बसवली होती. मी आई होऊन बाबांचा डबा भरते आहे, तेवढ्यात भोंगा वाजला आणि मालोजीकाका ताडकन उठले. “चलो भिया, छुट्टी झाली!” त्यांच्यामागे अख्खी रांग उठली आणि पिशव्या काखोटीला मारून चालू लागली. मी डब्यासह तशीच उभी. मंडपाच्या दाराशी मालोजीकाका थांबले, मागे वळून म्हणाले, “माफ कर बेटा, मिल बंद झाली ते पायांना कोणी सांगितलंच नाही.” (हे वाक्य आता नाटकात घातलं आहे.)

सगळे परत येऊन बसले, शेवटपर्यंत पोट धरून हसले. रिकामी राहिली ती तुझी एक खुर्ची. सगळं नाटक मी तिच्याकडे बघून म्हटलं, दादा. खुर्ची हसत नाही रे.

तुझी
पंचशीला

ता. क. पुढच्या रविवारी महूला प्रयोग आहे आणि नंदूची टेप मशीननं खाल्ली. लहानपणी तू रॉकेलच्या नरसाळ्यातून भोंगा काढायचास. एकदा भर दुपारी काढलास आणि बाबा झोपेतून उठून, उलटा सदरा घालून मिलच्या फाटकापर्यंत धावले होते. तोच भोंगा हवा आहे. दोनदाच फुंकायचा. नरसाळं मी जपून ठेवलं आहे. येशील ना?

ता. क. दुसरा : नागपुरी अर्थानं विचारशील, तर थोडी तीही चेष्टा आहे. त्या दुपारी बाबांनी तुला चाळभर पळवलं, तो प्रवेश चांगला दहा मिनिटं चालतो. पण तू पडद्यामागे असशील आणि तोंडाला नरसाळं असेल, म्हणजे मधे बोलता येणार नाही. वहिनींना मात्र पहिल्या रांगेत बसवते आहे.