ससे सोलायची सुरी

अण्णा,

तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि परवा तुमच्या माघारची पहिली कंदुरीही झाली. पीरसाहेबाच्या लिंबाखाली, नेहमीच्याच जागी. पीराच्या नैवेद्याचं करडू मी सोललं. कातड्याला एक भोक पडलं. एवढ्यासाठी कुणी पत्र लिहीत नाही, पण त्या भोकाच्या मागं एक गोष्ट आहे आणि ती तुम्ही असतानाच सांगायला हवी होती.

तुमची ससे सोलायची सुरी मी बिघडवली होती.

शेवटच्या वर्षी तुमचा हात थरथरायला लागला आणि सुरी दगडावर घासणं थांबलं. मला वाटलं, आपण जरा उपयोगी पडावं. ऑफिसला जाताना ती पिशवीत टाकली आणि धाराशिवच्या बाजारात मशीनवर धार लावून आणली. काय ठिणग्या उडाल्या! पातं कडेनं निळं पडलं, ते मला छानच वाटलं. घरी येऊन लिंबाच्या फांदीवर चालवली तर धार मेणासारखी वळली. पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं, हे तुम्ही किती वेळा सांगितलं होतं. ऐकलं होतं कुणी?

मग मी काय केलं? ती सुरी माळ्यावर लपवली. त्याच मापाची एक चकचकीत स्टीलची आणून तुमच्या म्यानात घातली. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्याचा मी फायदा घेतला. तुम्ही ती बाहेर काढली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणालात, "बरी हाय." झालं. उशाखाली ठेवून दिलीत. मी सुटलो.

यंदा करडू सोलायची पाळी माझ्यावर आली. त्या स्टीलच्या सुरीवर भरवसा नव्हता, ओल्या हातात तिची मूठ सटकते. म्हणून दुकानं हिंडलो. एका दुकानात पाठीला दाते असलेली, लांब टोकाची सुरी होती. पहिल्यांदा तीच डोळ्यांत भरली! मग तुम्ही आठवलात. लहान जनावराचं कातडं पातळ, लांब टोक आपल्या आधी पुढं पळतं आणि भोक पाडतं. पातं चार बोटांचं हवं, पोटाला गोल, नाकाला बोथट. मूठ लाकडाची. "सुरी फकस्त दार उघडायला. आत हाताच्या मुठीनं जायचं," असं म्हणत तुम्ही सशाच्या मागच्या पायांशी एक चीर द्यायचात आणि लेकराचा स्वेटर डोक्यावरून काढावा तसं कातडं ओढून घ्यायचात. पुढं सशांच्या शिकारीवर बंदी आहे हे कळलं, तेव्हा तुम्ही ती सोडलीत. सुरी कंदुरीच्या करडापुरती राहिली.

एक मात्र बोलतोच. ती सुरी तुम्ही माझ्या हातात कधी टिकू दिली नाहीत. "तुजं ध्यान कुठं असतंय रे?" म्हणून काढून घ्यायचात. बघून बघून कुणाला सोलता येतं, अण्णा?

दुकानातली एकही पसंत पडली नाही. तेवढ्यात कळलं, येरमाळ्याच्या रस्त्याला घिसाड्यांची पालं पडलीत. माळ्यावरून जुनी काढली आणि नेली. घण मारणाऱ्या बाईनं पातं उन्हात धरलं.

"मशीनला लावली व्हय?"

"व्हय."

"मेली न्हाय ही. मऊ पडलीय. पाणी देते पुन्हा, पर बोटभर कमी व्हईल."

तिनं पातं लाल केलं, बुडवलं, कानस फिरवून पाहिली. कानस पात्याला न चावता घसरली, पोलाद पुन्हा कडक झालं होतं, तशी ती हसली. म्हणजे आता तुमची सुरी तीन बोटांची आहे.

कंदुरीला मुलाणी चाचाच आले होते, आपल्याकडं इतकी वर्षं येतात तेच. त्यांनी त्यांच्या सुरीनं करडू हलाल केलं आणि माझ्या हवाली केलं. मी म्यान उघडलं. चाचा बघतच राहिले.

"असली सुरी निकाली का शेवटी?"

मी पातं फडक्यानं पुसायला लागलो.

"तुज्या बापाला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं, बेटा. अंगठा लावला अन् कळलं. मला म्हन्ले, पोरगं सांगंल तवा सांगंल. आपुन इचारायचं न्हाय."

त्यानंतर मी सोलायला घेतलं, आणि कुशीपाशी ते भोक पडलं.

अण्णा, आठ महिने ती खोटी सुरी तुमच्या उशाखाली होती. रोज संध्याकाळी तुम्ही ती काढायचात, अंगठा फिरवायचात, "बरी हाय" म्हणायचात आणि थोडा वेळ हातातच धरून बसायचात. मी समोर बसलेला असायचो, चहा पीत. दरवेळी तुम्ही वाट बघत होता का? मग विचारलं का नाहीत? एकदा, नुसतं एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. सांगितलंच असतं, असं आता वाटतं.

सुरीला धार इथून पुढं दगडावरच लागेल. पुढच्या कंदुरीला ती मी तुमच्या नातीच्या हातात देणार आहे आणि काढून घेणार नाही. तिच्याकडून बिघडली आणि तिनं लपवली, तर मला कळेलच. पण मी अंगठा लावून गप्प बसणार नाही. त्याच दिवशी विचारेन.

तुमचा,
भारत