केझियाचं नाव दोनदा

रेनिटा,

सोफ्यावर गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. तुझ्या लेकीला, केझियाला शाळेत सोडून मी तशीच हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला जाईन. ओव्हनमध्ये मक्याचा पाव आहे, खाऊन घे.

वाचनालयात एक बाई आमच्यासारख्यांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देतात. काल माझा फॉर्म परत आला. केझियाचं नाव म्हणे आधीच कुणीतरी आपल्या फॉर्मात घातलंय. "कोणी घातलं असेल?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "काय ठाऊक!" साठी उलटल्यावर तुझ्यापायी खोटं बोलले, बये.

लेकरामागे सरकार टॅक्समधून पैसे परत देतं, ते लेकरू ज्याच्या घरी अर्ध्या वर्षाहून जास्त राहिलं त्याला. गेल्या वर्षी केझिया वर्षभर माझ्याकडे होती, तू इथे अकरा दिवस होतीस. शनिवारी दहाला माझ्याबरोबर चल, बाई तुझाही फॉर्म फुकटात दुरुस्त करून देतील. मी रागावलेली नाही. काल होते.

पुढच्या वर्षी तिचं नाव तूच घाल. आजपासून तुझे इथले दिवस धरले तरी सहा महिन्यांच्या वर सहज भरतात. तुझ्या जुन्या खोलीत पलंगावर धुतलेली चादर घातलीय. सोफ्यावर पाहुणे झोपतात.

आई