तीन वह्या, एक ओळ

२८ डिसेंबर

भाचीला, शीतलला, तिन्ही वह्या संगणकात घालायला दिल्या. दिल्या एकदाच्या! तेवीस वर्षं वेगवेगळ्या खणांत ठेवल्या होत्या. शेणवे गावाचं काविळीचं औषध तीन घरांत वाटलेलं — सकुबाईकडे झाडपाला, बारकूकडे प्रमाण, गोदूकडे पथ्य. रोगी आला की तिघं समोरासमोर बसणार, मगच औषध. मला एकेकट्याने सांगितलं ते एका अटीवर — वह्या एकत्र करायच्या नाहीत. मी बॉटनीची पदवीधर. ही अट मला तेव्हाही अडाणीपणाची वाटली होती.

१ जानेवारी

शीतलने आज संगणकावर करून दाखवलं. प्रत्येक झाड, रोग, माणूस म्हणजे एक ठिपका. त्यांचा संबंध म्हणजे रेघ. सगळं मिळून मोठं जाळं. पूर्वी संगणक एकेक वाट तपासत बसायचा. आता काम संगणकातल्याच सोळा मदतनिसांत वाटलेलं — निम्मे रोगाकडून निघतात, निम्मे झाडांकडून, सगळे एकाच वेळी, आणि मधे गाठ पडते. पाणी प्यायला उठले तेवढ्यात तिन्ही घरांचं औषध एका ओळीत हजर! "मावशी, सोळाही जणांचं एकमत आहे," म्हणाली.

तिला विचारायचं राहिलं — सोळाही जणांनी वाचल्या त्या माझ्याच वह्या ना?

५ जानेवारी

शीतलच्या नवऱ्याला, मनोजला, कावीळ. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, पण पोटात काही ठरत नाही. शेणव्याला फोन केला. तिघंही बैल घेऊन म्हशाच्या जत्रेला गेलेले. थांबू या, असं शीतलचं म्हणणं. मी ऐकलं नाही. पाला मीच शोधून आणला, वाटून मीच पाजला.

६ जानेवारी

दुसरी मात्रा. तिसरी एक दिवस सोडून, वहीत तसंच आहे.

७ जानेवारी

मनोज झोपूनच आहे. हाक मारली की उशिराने बघतो, म्हणते शीतल. अशक्तपणा. दुसरं काय असणार! तरी उद्या म्हशाला जाऊन सकुबाईला विचारून येते.

८ जानेवारी, म्हसा

सकुबाई भेटली. रागावली नाही, किती मात्रा दिल्या तेवढं विचारलं. "बाई, तुमाला सांगताना तिघांनीबी एकेक खोटं घातलंय. समोर बसलो का एकमेकाचं खोटं काढतो आमी. पयल्यापासून तसंच हाय."

तिसरी मात्रा सकाळी देऊन निघाले. शीतल फोन उचलत नाही.